भुईमुगाचें पान आणि दुष्काळाची परीक्षा

दुष्काळाचा इतिहास म्हटला म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ सालचा दुष्काळ, ओस पडलेलीं गांवें आणि खडी फोडणारीं माणसें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. राजानें कोठारें उघडलीं कीं नाहीं, सरकारनें सारा माफ केला कीं नाहीं, हा त्या इतिहासाचा नेहमींचा विषय. परंतु त्याच इतिहासाची एक शांत शाखा आहे व तिच्याकडे साहित्याच्या वाचकाचें लक्ष सहसा जात नाहीं. शेरभर पाण्यावर रोपानें किती वाढावें, या प्रश्नाच्या मागें लागलेल्या माणसांचा हा इतिहास होय. भुईमुगाच्या निमित्तानें तो येथें थोडक्यांत सांगावा असा आमचा विचार आहे.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. पण आज उपासाच्या फराळापासून रोजच्या फोडणीपर्यंत त्याच्यावांचून आपल्या घरांत पान हालत नाहीं. हें पीक बहुतेक कोरडवाहू जमिनींत येतें. त्याचें फूल जमिनीच्या वर उमलतें, पण शेंग धरते ती मातींत शिरलेल्या आरीच्या टोकाला. ऐन आऱ्या सुटण्याच्या वेळीं पावसानें ओढ दिली, तर वरची माती कठीण होते, आऱ्या आंत शिरत नाहींत, आणि हिरव्या दिसणाऱ्या वेलाखालीं पोकळ शेंगा निघतात. आंध्रांतील अनंतपुरासारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यांत अशा एका ओढीनें कित्येक कुटुंबांचें सबंध वर्ष वायां गेलेलें आहे.

रोप किती पाणी पितें हें तोलून पाहण्याचा प्रयत्न फार जुना. इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें १६९९ साली पुदिन्याचीं रोपें पाण्यांत वाढविलीं आणि रोपाच्या वजनांत जी भर पडते तिच्या कितीतरी पट पाणी पानांवाटे उडून जातें, असें दाखविलें. पुढें १९१३ च्या सुमारास अमेरिकेंत कोलोरॅडोच्या कोरड्या माळावर ब्रिग्ज आणि शांट्झ या जोडीनें बंद कुंड्यांतील अनेक पिकें तोलून हिशेब मांडला. तेवढीच वाढ होण्यास ज्वारीला लसूणघासाच्या निम्म्याहूनही कमी पाणी लागतें, असें त्यांना आढळलें. मात्र कुंड्या तोलण्याची ही रीत मोठ्या कष्टाची. नवें वाण निवडणाऱ्याला हजारों रोपें पाहावीं लागतात. तीं सारीं कुंडींत घालून तो कोठवर तोलणार?

हा अडसर काढणारी कल्पना ऑस्ट्रेलियांतून आली. पानाच्या रंध्रांतून हवेंतील कर्बवायु आंत येतो आणि त्याच वाटेनें पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेंतील कर्बांत शंभरांत सुमारें एक भाग जड कर्बाचा असतो व वनस्पति तो घेण्याचें शक्य तोंवर टाळते. आंत कर्बवायूची टंचाई झाली, म्हणजे मात्र तिला निवड करतां येत नाहीं. म्हणून ज्या रोपाच्या अंगांत जड कर्ब अधिक, त्यानें पाणी काटकसरीनें वापरलें असें अनुमान निघतें. १९८२ साली फार्कर व त्याच्या सहकाऱ्यांनीं हें तत्त्व मांडलें, १९८४ साली गव्हावर तें पडताळलें गेलें, आणि १९८६ साली ह्यूबिक, फार्कर व शॉर्टर यांनीं भुईमुगांतही तोच संबंध दाखविला.

परंतु जड कर्ब मोजण्याचें यंत्र फार महाग. तेव्हां क्वीन्सलंडांतील किंगरॉय येथील राइट आणि भारतांतील नागेश्वर राव यांनीं अधिक सोपी खूण शोधिली. पानाचें क्षेत्रफळ मोजावयाचें, तें वाळवून तोलावयाचें, आणि एका ग्रॅममागें किती क्षेत्र पडतें तें पाहावयाचें. हा आंकडा लहान म्हणजे पान जाड. जाड पानांत नत्र व कर्ब पकडणारें द्रव्य अधिक. आणि म्हणून पाण्याचा उपयोगही चांगला. १९९४ साली त्यांनीं हा संबंध निरनिराळ्या हवामानांत टिकतो असें प्रसिद्ध केलें. २००१ साली याहून सोपा मार्ग निघाला. पानाचा हिरवेपणा मोजणारें एक चिमट्याएवढें यंत्र जपानांत भाताच्या नत्रखतासाठीं निघालेलें होतें. तेंच भुईमुगाच्या पानास लावलें, कीं पान न तोडतां क्षणांत आंकडा मिळूं लागला. मात्र पानाचें वय व दिवसाची वेळ यांप्रमाणें आंकडे बदलतात, म्हणून सर्व रोपांचें ठराविक पान ठराविक वेळींच मोजावें लागतें.

येथवरची कथा विजयाची वाटते. पण खरी कसोटी पुढेंच आहे. पॅसिओरा यानें १९७७ साली सांगून ठेविलें होतें कीं, उत्पन्न हें तीन गोष्टींचा गुणाकार होय: रोपानें मिळविलेलें पाणी, त्या पाण्याचा केलेला उपयोग, आणि वाढींतून दाण्यांत उतरलेला वांटा. पान केवळ मधल्या गोष्टीची साक्ष देतें. पाण्याचा उत्तम उपयोग करणारीं कांहीं झाडें दाण्यांत मात्र कमी उतरतात, असेंही दिसून आलें. भारतांत दोन रीतींनीं निवडलेल्या वाणांची तुलना झाली. एकीकडे पानादिकांचीं मापें, दुसरीकडे शेंगांचें सरळ उत्पन्न. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मापांची रीत सर्वत्र सरस ठरली नाहीं. मुंबईचें भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचें कृषिविद्यापीठ यांचें ‘टीएजी २४’ हें वाण घेऊन पाटणचेरू येथें झालेल्या संकरांतील तीनशेंहून अधिक वंशांची परीक्षा २००७ साली प्रसिद्ध झाली. तींतही पानाची जाडी आणि पाण्याचा प्रत्यक्ष उपयोग यांचा संबंध क्षीणच आढळला. मग हे सारे श्रम फुकट गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. याच संकराच्या वंशांवरून पुढें २००९ साली भुईमुगाच्या आनुवंशिक गुणांचा नकाशा काढतां आला.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाहीं. एखादें दानपत्र हातीं लागलें, कीं त्यावरून सबंध राजवटीचें सुख मोजण्याचा मोह आम्हांसही होतो. आणि मग दुसरें एखादें साधन पुढें येऊन आम्हांस जमिनीवर आणतें. त्या शास्त्रज्ञांची थोरवी आम्हांस वाटते ती यांत, कीं आपल्याच सोयीच्या खुणेवर त्यांनीं पुन्हां परीक्षा बसविली आणि प्रतिकूल उत्तर न लपवितां छापलें. पानाचें माप हजारों रोपांतून शेंपन्नास निवडण्यास उपयोगी पडेल. पण शेवटीं कुदळ घेऊन वेल उपटावा लागतो आणि त्याच्या शेंगा मोजाव्या लागतात. पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी तरी याहून वेगळी परीक्षा कोठें मागतो?