एकट्याला उचलता येईल अशी गाडी: हलक्या मोटारसायकलीवरील दूरप्रवासाचा इतिहास

मोटारसायकलीचा इतिहास बहुधा इंजिनाची ताकद आणि शर्यतींचे निकाल यांच्या आधारे सांगितला जातो, आणि त्यात शंभर ते अडीचशे सीसीच्या गाडीला कामावर जाण्या-येण्याचे स्वस्त साधन यापलीकडे फारसे स्थान मिळत नाही. (सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, सिलिंडरमध्ये पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो, ती या एककात मोजतात.) परंतु डांबर संपल्यानंतरच्या वाटेवर एकट्याने केलेल्या प्रवासांचा मागोवा घेतला, तर हीच दुर्लक्षित गाडी पुन्हा पुन्हा समोर येते. विशेष म्हणजे अशा प्रवासांत उपयोगी पडलेल्या बहुतेक हलक्या गाड्या प्रवाशांसाठी घडवलेल्याच नव्हत्या. त्या सैनिक, तारवाले, शिकारी आणि शेतकरी यांच्यासाठी तयार झाल्या आणि प्रवाशांनी त्या नंतर आपल्याशा केल्या.

आरंभीच्या दूरप्रवाशांना निवडीला फारसा वाव नव्हता. १९१२-१३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारा अमेरिकन कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी चार सिलिंडरच्या हेंडरसन मोटारसायकलीवर होता, तर १९३२-३३ मध्ये लंडनहून निघून भारतातून पुढे जपानपर्यंत गेलेला रॉबर्ट एडिसन फुल्टन दोन सिलिंडरच्या डग्लस गाडीवर होता. लांबचा पल्ला म्हणजे मोठे इंजिन हे त्या काळी गृहीतच होते, कारण त्या वेळची लहान इंजिने दुबळी होती आणि तापून बंद पडत.

हे गृहीत ढिले होण्याची सुरुवात जर्मनीत सॅक्सनी प्रांतातील त्शोपाउ या गावी झाली. तेथील डीकेडब्ल्यू कारखान्यात हेर्मान वेबर या अभियंत्याने आखलेली आरटी १२५ ही गाडी १९३९ मध्ये आली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक होते. म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत इंधन घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे उरकत, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह, कॅम किंवा त्यांना चालवणारी साखळी यांपैकी काहीही लागत नसे. अशा इंजिनाची जुनी अडचण अशी की ताजे मिश्रण आत येतानाच धुराबरोबर बाहेर निसटून जाई. आडोल्फ श्न्यूर्ले या अभियंत्याच्या पद्धतीनुसार सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे अशा कोनात पाडली गेली की आत येणारे मिश्रण समोरच्या भिंतीवर आदळून वर वळे आणि जळालेला वायू पुढे ढकलून देई, त्यामुळे इंधनाची नासाडी कमी झाली आणि पिस्टनचा माथा सपाट, म्हणून हलका, करता आला. या १२३ सीसी इंजिनाची ताकद पाच अश्वशक्तीहूनही कमी होती, मात्र त्यात बिघडण्याजोगे भाग मोजकेच होते.

दुसऱ्या महायुद्धाने ही रचना जगभर नेली. डीकेडब्ल्यूच्याच धाकट्या, ९८ सीसीच्या गाडीच्या धर्तीवर रॉयल एनफिल्ड या ब्रिटिश कंपनीने १९३९ मध्येच १२५ सीसीची गाडी तयार केली होती, आणि पुढे हवाईमार्गे उतरणाऱ्या सैनिकांसाठी तिची लष्करी आवृत्ती निघाली. सुमारे ५९ किलो वजनाची ती गाडी लोखंडी पिंजऱ्यात बांधून पॅराशूटने खाली सोडता येई किंवा ग्लायडरमधून नेता येई, आणि वाटेत कुंपण वा चर आडवा आला तर सैनिक ती उचलून पलीकडे ठेवत. ‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू, हे तिचे नाव तिच्या आकाराला साजेसेच होते. गाडी माणसाला वाहून नेते तशी प्रसंगी माणसाने गाडी उचलून न्यावी, ही अपेक्षा घडणीच्या वेळीच धरलेल्या मोजक्या गाड्यांत तिची गणना करावी लागेल.

युद्ध संपल्यावर आरटी १२५ चे आराखडे भरपाई म्हणून विजेत्या राष्ट्रांच्या हाती आले, आणि त्यांवरून सोव्हिएत संघात, पोलंडमध्ये, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनकडे आणि ब्रिटनमध्ये बीएसएकडे गाड्या बनू लागल्या. जपानमधील यामाहाची १९५५ सालची पहिली मोटारसायकल वायए-१ हीदेखील याच वंशातली. बीएसएने १९४८ मध्ये आणलेल्या गाडीला कोंबड्याच्या ठेंगण्या जातीवरून ‘बँटम’ हे नाव दिले, आणि ब्रिटिश टपाल खात्याची तार पोहोचवणारी मुले लाल रंगाच्या बँटमवरून फिरू लागली.

तारवाल्यांची ही गाडी महाद्वीप ओलांडू शकते हे १९५० च्या दशकाच्या आरंभी पेगी आयरिस थॉमस या तरुणीने दाखवून दिले. १२५ सीसीच्या बँटमवर, मागे आपला धिप्पाड एअरडेल कुत्रा बसवून, तिने कॅनडा आणि संयुक्त संस्थाने पार करत मेक्सिकोपर्यंत प्रवास केला. बँटमला तीनच गिअर होते आणि चढावर ती चालत्या माणसाच्या वेगावर येई. परंतु प्लग साफ करणे, पंक्चर काढणे आणि धुराच्या नळीत साचलेली काजळी खरवडणे एवढे जमले की बहुतेक बिघाड रस्त्याच्या कडेलाच आटोपत. हलक्या गाडीचा गुण केवळ वजनात नसून तिच्या उघडेपणात, म्हणजे मालकाला ती कळण्यात, असतो हे या प्रवासाने सिद्ध केले.

दुसरा प्रवाह जपानमधून आला. होंडाने १९५८ मध्ये बाजारात आणलेल्या सुपर कबमध्ये ४९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, हाताने दाबावा न लागणारा क्लच आणि खडबडीत रस्त्यांवर न अडखळणारी १७ इंची चाके होती; २०१७ पर्यंत या मालिकेच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील आयडाहो राज्यात, बॉयसी येथील एका विक्रेत्याने कबच्या मागच्या चाकाला मोठे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी ज्या दातेरी चक्रावर फिरते ते चक्र, बसवून ती शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली. चक्राचे दाते वाढले की गाडीचा कमाल वेग घटतो पण चढ ओढण्याचा जोर वाढतो, आणि डोंगरात शिकाऱ्याला नेमके तेच हवे होते. कंपनीने ही कल्पना उचलून ‘ट्रेल’ मालिका सुरू केली. तिच्यातूनच उत्क्रांत झालेली सीटी ११० पुढे ऑस्ट्रेलियात टपाल वाटणाऱ्यांची गाडी बनली, आणि टपाल खात्याने निकाली काढलेल्या अशा गाड्या स्वस्तात घेऊन त्यांवर तो खंड ओलांडण्याची हौसही तेथे रुजली.

निवडीतला बदल एकाच व्यक्तीच्या बाबतीत पाहायचा असेल तर आन-फ्रान्स दोतव्हिल या फ्रेंच पत्रकार स्त्रीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९७२ मध्ये पॅरिसहून इराणमधील इस्फहानकडे निघालेल्या एका सामूहिक मोहिमेत ती ७५० सीसीच्या मोटो गुझीवर होती, पण पुढल्याच वर्षी एकटीने जगप्रवासाला निघताना तिने १२५ सीसीची कावासाकी घेतली. घोळक्यात पडलेली गाडी उचलायला दहा हात असतात, एकटीला दोनच. या साध्या हिशेबापुढे सहापट मोठ्या इंजिनाचे आकर्षण टिकले नाही.

यानंतर मात्र उलट दिशेची लाट आली. यामाहाने १९६८ मध्ये आणलेल्या २५० सीसीच्या डीटी-१ ने रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर दोन्हीकडे चालणारी ‘ट्रेल बाइक’ हा प्रकार रूढ केला होता. १९७८ च्या डिसेंबरअखेर थिएरी साबीन याने भरवलेली पहिली पॅरिस-डाकार शर्यत सिरिल नव्यू या स्पर्धकाने यामाहाच्या एक्सटी ५०० या एका सिलिंडरच्या गाडीवर जिंकली, पण १९८१ मध्ये दोन सिलिंडरची मोठी बीएमडब्ल्यू पहिली आली. त्याआधीच, १९८० मध्ये, त्या कंपनीने आर८० जी/एस ही सुमारे ८०० सीसीची गाडी विक्रीस काढली होती. वाळवंटी शर्यतीत मागून दुरुस्तीचा ताफा येतो आणि वेग हाच निकाल असतो, त्यामुळे तेथे मोठे इंजिन योग्यच होते. परंतु शर्यतीची ही प्रतिमा प्रवाशाच्या मनावर ठसली आणि पुढील पंचवीस वर्षांत ‘साहसी प्रवासाची गाडी’ अडीचशे किलोंपलीकडे गेली. २००४ मध्ये इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बोरमन या अभिनेत्यांनी लंडनहून न्यूयॉर्कपर्यंत केलेल्या, चित्रवाणीवर गाजलेल्या प्रवासाने या वर्गाची लोकप्रियता आणखी वाढवली. मात्र त्याच प्रवासात मंगोलियात चित्रीकरण करणाऱ्या साथीदाराची बीएमडब्ल्यू नादुरुस्त झाली, तेव्हा तिच्या जागी तेथेच मिळालेली इझ प्लॅनेटा ही रशियन टू-स्ट्रोक गाडी घेण्यात आली.

याच काळात जपानमध्ये एक शांत पर्याय उभा होता. यामाहाने १९८५ मध्ये आणलेल्या २२३ सीसीच्या गाडीला तेथील डोंगरकड्यांवर वावरणाऱ्या, शेळीच्या कुळातील सेरो या प्राण्याचे नाव दिले होते. तिचे कोरडे, म्हणजे पेट्रोल व तेल वगळून, वजन सुमारे १०२ किलो होते आणि सीटची उंची ८१ सेंटिमीटर. दोन चाकांना दोन पायांची जोड, ही तिच्यामागची कल्पना होती. उडी मारून अडथळा ओलांडण्याऐवजी पाय जमिनीला टेकवत, धक्के देत, सावकाश वर चढावे यासाठी ती घडवली होती. लोइस प्राइस या ब्रिटिश स्त्रीने २००३ मध्ये याच गाडीवर अलास्कातून निघून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआइया गाठले.

वजनाचा आकडा प्रत्यक्षात काय सांगतो, हे आडवी झालेली गाडी उभी करताना समजते. आधी पेट्रोलचा कॉक बंद करून सामान उतरवतात; गाडी घसरू नये म्हणून पहिला गिअर टाकतात, आणि ती उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड अगोदरच बाहेर काढून ठेवतात, अन्यथा उभी झालेली गाडी तोल जाऊन पलीकडे कोसळते. मग हँडल एका बाजूला पूर्ण वळवून, पाठ सीटला टेकवून, गुडघ्यांत वाकून, एका हाताने हँडलचे टोक आणि दुसऱ्याने सीटखालचा दांडा धरून पायांच्या जोरावर मागे मागे सरकायचे असते. चाके जमिनीला टेकलेली असल्याने सगळे वजन अंगावर येत नाही, तरीही ओल्या लाल मातीत पाय सरकू लागले की सव्वाशे आणि अडीचशे किलो यांतील फरक म्हणजे पुढे जाणे आणि कोणीतरी येईपर्यंत थांबणे यांतील फरक ठरतो. दिवसात एकदा हे कोणालाही जमते. आठव्यांदा, उंचावर विरळ हवेत आणि थकलेल्या अंगाने जमले पाहिजे, ही खरी अट आहे.

भारतात दूरप्रवासाची प्रतिमा प्रदीर्घ काळ बुलेटशी जोडलेली राहिली. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली, आणि सैन्यात वापरली गेलेली ३५० सीसीची बुलेट पुढे हिमालयाच्या प्रवासाचे चिन्हच बनली. दुसरीकडे कच्च्या वाटेवरचे रोजचे काम हलक्या गाड्या करत होत्या. महाराष्ट्रात पाणंद, म्हणजे शेतांच्या बांधांमधून जाणारी अरुंद वाट, हाच अनेक गावांचा खरा रस्ता होता. तेथे दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत, पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली ५० सीसीची लुना आणि १९८६ मध्ये आलेली बजाज एम-८० यांनी चिखल आणि खड्डे पार केले. त्याला कोणी ‘ऑफ-रोड’ म्हटले नाही, कारण दुसरा रस्ताच नव्हता. १९८५ मध्ये आलेल्या फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० सारख्या गाड्यांमुळे कमी इंधनात जाणारी आणि तालुक्याच्या गावीही दुरुस्त होणारी गाडी सामान्य माणसाच्या हाती आली.

या दोन धारा एकत्र यायला बराच काळ लागला. हिरोने २०११ मध्ये आणलेली १५० सीसी वर्गातील इम्पल्स १३४ किलोंची होती, परंतु ती बाजारात टिकली नाही. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ मध्ये आली. तिने कच्च्या रस्त्यासाठी घडवलेली देशी गाडी हा विचार रूढ केला, पण वजन १८० किलोंपलीकडेच राहिले. २०१९ ची हिरो एक्सपल्स २०० मात्र सुमारे १५४ किलोंत २१ इंची पुढचे चाक आणि उंच ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे इंजिनाचा तळ व जमीन यांतील अंतर, घेऊन आली, आणि तिचा एक प्रकार सुरुवातीपासूनच इंधन-इंजेक्शनसह मिळत होता. लडाखमधील पाच हजार मीटरच्या खिंडींत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येऊ लागतो. कार्ब्युरेटर तेथे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो आणि इंजिन गुदमरते, तर इंजेक्शन हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल आपोआप कमी करते. अर्थात हरवलेला प्राणवायू तेही परत आणू शकत नाही, म्हणून लहान इंजिनाच्या स्वाराला उंचावर संथपणा पत्करावाच लागतो.

ही किंमत खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. हलकी गाडी महामार्गावर लवकर दमते, समोरून येणाऱ्या वाऱ्याने मागे रेटली जाते आणि तिच्यावर सामानही बेतानेच लादावे लागते. म्हणूनच डांबरावरचे दिवस जास्त असतील, किंवा मागे दुसरी व्यक्ती बसणार असेल, तर जड गाडीची बाजू बळकट होते. तरीही पाऊण शतकाचा हा इतिहास एका बाबतीत एकसुरी आहे: फ्लाइंग फ्लीच्या सैनिकापासून सेरोवरच्या लोइस प्राइसपर्यंत ज्यांच्यामागे ताफा नव्हता, त्यांनी इंजिनाचा हिशेब आपल्या दोन हातांपासून सुरू केला. २०२० मध्ये सेरोचे उत्पादन थांबले, आणि त्याच वर्षी होंडाने आयडाहोच्या शिकाऱ्यांच्या त्या गाडीची नवी वारसदार, सीटी १२५, जपानमध्ये विक्रीस आणली. तिचे नाव ‘हंटर कब’ ठेवले गेले.