सही नसलेला वारसा

साहित्याच्या अभ्यासकाने कपड्यांच्या दुकानाचा इतिहास कशासाठी वाचावा, अशी शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की कर्ता कोणास म्हणावे, मूळ कोणते व प्रत कोणती, आणि परंपरा कोणत्या वाटेने पुढे जाते, हे आपल्या अभ्यासातले जुनेच प्रश्न तेथे अधिक उघडेपणाने समोर येतात. म्हणून प्रथम लंडनमधील एका दुकानाकडे, मग मुंबईतील एका दुकानाकडे आणि शेवटी आमच्या नाशिकच्या शिंप्यांकडे वळण्याचा मानस आहे.

१९३६ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या बार्बरा हुलानिकी या मुळात फॅशनची रेखाचित्रे काढीत. पतीच्या साहाय्याने त्यांनी टपालाने कपडे विकण्याचा उद्योग आरंभला. १९६४ मध्ये 'डेली मिरर' या वृत्तपत्रात त्यांचा गुलाबी चौकड्यांचा एक झगा छापून आला आणि सुमारे १७,००० मागण्या आल्या. त्याच वर्षी केन्सिंग्टन भागात 'बिबा' हे त्यांचे दुकान उघडले. सामान्य नोकरदार मुलीला परवडेल अशा किमतीत नवी तऱ्हा मिळू लागली, हे त्या दुकानाचे खरे कर्तृत्व. १९७३ मध्ये बिबा सात मजली इमारतीत गेले आणि १९७५ मध्ये बंद पडले. तरीही त्याची आठवण पुसली गेली नाही. बिबाचे कपडे आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, कारण त्या प्रत्येकावर नावाची पट्टी शिवलेली होती. ज्यावर सही असते ते जपले जाते.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे पुढच्या भानू अथैया, यांचा जन्म १९२९ चा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि प्रोग्रेसिव्ह गटाच्या चित्रकारांबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शनात मांडली गेली. हुलानिकींप्रमाणेच त्याही स्त्रियांच्या मासिकांसाठी फॅशनची चित्रे काढीत. त्यांपैकी 'ईव्ह्ज वीकली'च्या संपादिकेने एक बुटीक काढले आणि भानूताईंना कपडे बेतून पाहण्यास सुचवले. कागदावरची रेघ येथे प्रथमच कापडावर उतरली. परंतु हुलानिकी जशा दुकान थाटून बसल्या तशा भानूताई बसल्या नाहीत. बुटीकमागे टाकून त्या चित्रपटाकडे गेल्या. गुरुदत्तांच्या 'सी.आय.डी.' (१९५६) व 'प्यासा' (१९५७) पासून पुढे त्यांचे काम पडद्यावर दिसू लागले.

आमच्या मते महाराष्ट्रातील साठ-सत्तरच्या दशकांतले सर्वांत मोठे बुटीक हेच होते, आणि त्याची दर्शनी काच म्हणजे चित्रपटाचा पडदा. नाशिकला अशी काच नवी नव्हती. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर आपला कारखाना नाशिकलाच हलवला होता. त्या चित्रपटातील तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकारली होती. पोशाखातून पात्र घडते, हा धडा या गावाने फार लवकर पाहिला होता.

'वक्त' (१९६५) मधील साधनाचा अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार, किंवा 'ब्रह्मचारी' (१९६८) मधील मुमताजची नारिंगी, आधीच शिवून झिप लावलेली साडी, हे सारे भानूताईंच्या हातचे. 'आम्रपाली' (१९६६) साठी तर त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतून वेशभूषेचा आधार घेतला. आमच्या घरांतल्या आया-मावश्यांनी विजयानंद चित्रपटगृहात हे पाहिले, फिल्मी मासिकातले पान कापून पर्समध्ये ठेवले आणि मेन रोडवरून कापड घेऊन त्या शिंप्याकडे गेल्या. शिंप्याने मापे घेतली आणि जागच्या जागी फेरफार केले. बाही थोडी लांब, गळा थोडा वर, घेर सासूबाईंना चालेल इतका. अंगाबरोबर बसणारा कुर्ता कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सायकल चालवता येईल इतपत सैल झाला. मूळ नमुना, त्याची प्रत आणि प्रतीवरचा पाठभेद, असा हा सरळ पाठचिकित्सेचा विषय आहे.

मात्र या व्यवहारात एक नाव हरवले. शिंप्यापुढे उभी राहून बाई 'साधनासारखा' म्हणे, 'मुमताजसारखी' म्हणे. जिने तो कुर्ता बेतला तिचे नाव घेतले जात नसे आणि ज्याने तो आमच्या गावच्या अंगाला बसवला त्या शिंप्याचेही नाही. येथे कोणी जात्यावरच्या ओवीचा दाखला देईल : ओवीलाही कर्ती नसते, तरी ती टिकते. हा दाखला आम्हांस अर्धाच मान्य आहे. ओवी गाणारी स्त्री स्वतःची सही मागत नव्हती, तिच्या गाण्यात सगळ्यांचा वाटा होता. भानूताईंचे नाव तर श्रेयनामावलीत छापलेले असे, आणि आपण ते वाचले नाही. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) वर लिहिताना समीक्षक संवाद उद्धृत करतात, छायाप्रकाशाबद्दल बोलतात. छोट्या बहूचे एकटेपण तिच्या साडीच्या आणि दागिन्यांच्या भारातूनही बोलते, हे सहसा कोणी लिहीत नाही. ही उणीव बाजाराची नसून आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांची आहे.

१९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले आणि त्या हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तेव्हा कोठे ते नाव घरोघरी पोचले. पुढे २०१२ मध्ये आपल्या पश्चात हे स्मृतिचिन्ह सुरक्षित राहावे म्हणून त्यांनी ते अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठवले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. सन्मानाची वस्तू जपण्यासाठी ती सातासमुद्रापार धाडावी लागते, ही गोष्ट आपल्या संस्थांना विचार करायला लावणारी आहे.

परंतु वारशाचा मोठा भाग अकादमीत नाहीच. तो नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी होऊन पडला आहे. त्या कपड्यांवर नावाची पट्टी नाही, म्हणून ते कोणत्याही संग्रहालयात जाणार नाहीत. आमची आमच्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे की पुढच्या सुटीत घरच्या वडीलधाऱ्या बायकांपाशी बसावे, ट्रंक उघडावी आणि विचारावे : हा कुठल्या चित्रपटावरून शिवला, कोणत्या वर्षी, शिंपी कोण होता आणि त्याच्याकडून काय बदलून घेतले? उत्तरे तारखेनिशी लिहून ठेवावीत. ती सांगू शकणाऱ्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत.