परीक्षा बायकांची, काजीपद पुरुषांचं

जुन्नरहून घाटघरला आलं की पठाराच्या कडेला नाणेघाटाचं लेणं लागतं. आतला मोठा ब्राह्मी लेख इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात आणि तो सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावानं ओळखला जातो. अश्वमेध, राजसूय, दक्षिणेत दिलेल्या हजारो गायी, कार्षापणं असा सगळा हिशेब त्यात आहे. शिवाय महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी असं राणीचं वर्णनही आहे. मागच्या भिंतीवरच्या राजघराण्याच्या मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी उरली. या घाटानं खाली उतरणारा माल कल्याण आणि कोकणातल्या इतर बंदरांकडे जाई. त्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला, एक गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, असं बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर ही घटना इसवीसनापूर्वी १७५ च्या सुमाराची धरतात. तिला पुरावा नाही, आणि माझा मुद्दा त्या सालावर अवलंबूनही नाही. राणीची श्रद्धा दगडावर कोरली गेली. त्या सात बायकांच्या लेकीसुनांसाठी कोणी छिन्नी उचलली नाही. तरीही ज्यू इतिहासातल्या थोर स्त्रियांची यादी करायची, तर आपल्याकडे ती या निनावी बायकांपासूनच सुरू करावी लागेल.

कारण साधं आहे. मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकरांनी बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ मध्ये. त्याआधीची कित्येक शतकं कोकणातल्या या तेल गाळणाऱ्या समाजाकडे देऊळ नव्हतं, हिब्रू पोथी नव्हती, रब्बी नव्हता. होतं ते घर. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे, ही खूण सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यांचे सणवार पाहिले तर ते बहुतेक चुलीपाशी पाळले जात. खिरीच्या सणाला नव्या धान्याची, गूळ-नारळाची खीर शिजे, ऊद जळे आणि ‘शेमा’ ही प्रार्थना म्हटली जाई. बिरड्याच्या रोजाला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या उपासाला, मोड आलेल्या वालांचं बिरडं. अनाशी ढाकायच्या सणाला आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचं, म्हणजे वल्हांडणाच्या दिवसांत आंबवलेलं वर्ज्य ही आज्ञा, जिच्यामागची कथा विसरली गेली होती, ती भांड्याच्या झाकणाखाली टिकली. ते मंदिर कधी आणि का पडलं हे त्या घरात कोणाला सांगता आलं नसतं, पण वाल कधी भिजवायचे हे चुकत नव्हतं.

डेव्हिड राहाबीची कथा इथे साक्षीला येते. हा ज्यू पाहुणा कोकणात आला, त्याला शंका आली की ही आपलीच माणसं. खात्रीसाठी त्यानं घरच्या बायकांना मासे शिजवायला दिले, त्यात खवल्यांचे होते तसे ज्यूंना वर्ज्य असलेले बिनखवल्यांचेही. बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या, आणि राहाबीची खात्री पटली. पुढे त्यानं झिराड, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवले आणि ते समाजाचे काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, झाले. परीक्षा दिली बायकांनी, पदं मिळाली पुरुषांना! आक्षेप असा, की ही दंतकथा आहे. राहाबीचा काळ कोणी इसवीसन १००० च्या आसपास नेतो, कोणी अठराव्या शतकात आणतो. मान्य. पण समाज स्वतःची ओळख पटवणारी गोष्ट रचतो तेव्हा ती साक्ष कोणाच्या तोंडी घालतो, हा पुरावाच आहे. सुंता पुरुषांच्या हाती होती, घाणाही त्यांचाच. तरी कथेनं निवाडा सुपूर्द केला तो मासे निवडणाऱ्या हातांकडे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. घरानं जपलं ते सगळंच जपण्यासारखं नव्हतं. शेजाऱ्यांचं पाहून विधवाविवाह निषिद्ध ठरला. गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद पडला, एकमेकांत लग्नं बंद, आणि वेगळी भांडी ठेवण्याचं काम पुन्हा बायकांकडेच. चिवटपणा हा गुण डोळे मिटून गौरवण्यासारखा नाही, हे यातून दिसतं. म्हणून विसाव्या शतकातल्या दोन बायका मला महत्त्वाच्या वाटतात. रिबेका रूबेन आणि जेरुशा झिराड या दोघी पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या. रिबेका १९०५ साली मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या आल्या आणि पुढे १९२२ ते १९५० मुंबईच्या एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. जेरुशाबाई लंडनहून १९१९ मध्ये एम.डी. झाल्या, १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटल त्यांनी सांभाळलं. हे श्रद्धेचं नव्हे, इंग्रजी शिक्षणाचं फळ, असं कोणी म्हणेल. मग त्यांनी धर्माकडे पाठ फिरवायला हवी होती. झालं उलटं: १९१३ मध्ये जेरुशाबाईंनी बेने इस्रायल स्त्री मंडळ उभं केलं आणि लंडनच्या लिली माँटेग्यूंच्या उदारमतवादी चळवळीचं पाहून १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन काढली. घरानं दिलेलं त्यांनी तपासून घेतलं, एवढंच.

१९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला आणि तिथे तीच परीक्षा पुन्हा समोर आली. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं फर्मान काढलं की बेने इस्रायलांचं लग्न इतर ज्यूंशी लावताना आईची, आजीची, शक्य तितक्या मागची वंशावळ तपासावी. कोकणातल्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, प्रश्न संसदेत गेला आणि १९६४ मध्ये ते फर्मान मागे घ्यावं लागलं.