सुक्या बोंबलातले पाणी

पालघर जिल्ह्यातल्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की बांबू उभे राहतात. त्यांना आडव्या दोऱ्या बांधून बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून टांगतात. ताज्या बोंबलात सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १०० किलोत घन पदार्थ १० किलोच. पाणी १५ टक्क्यांवर आणले, तर आपल्या हाती जेमतेम १२ किलो उरतात. बाकीचे ८८ किलो पाणी ऊन-वारा नेतात!

वाळवलेले अन्न टिकते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अन्न नासण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांच्या प्रयोगांतून कळले. त्यांच्या वाढीला पाणी लागते. पण किती? १८ टक्के पाणी असलेल्या धान्याला बुरशी येते, ३० टक्के पाणी असलेला मुरांबा मात्र टिकतो. असे का?

याची उकल ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी केली. १९५३ साली त्यांनी दाखवले, की एकूण पाण्यापेक्षा सूक्ष्मजीवांना उपलब्ध असलेले पाणी महत्त्वाचे. या मापाला ‘जलक्रियाशीलता’ म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ असते. विषबाधा करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू ०.८६ च्या खाली वाढत नाही. बुरशी त्याहून कोरड्यातही तग धरते, ०.६ च्या खाली मात्र कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. मुरांब्यातले पाणी साखर धरून ठेवते, माशातले मीठ.

आता हवेकडे पाहू. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असलेल्या हवेत सुका बोंबील उघडा ठेवला, तर तो बाष्प शोषत राहतो आणि त्याची जलक्रियाशीलता ०.८५ कडे सरकते. म्हणूनच अगोटीच्या बेगमीतली सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागते.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या अवकाळी पावसाने या किनारपट्टीवर वाळत घातलेली मासळी भिजली. अशी मासळी पुन्हा वाळवली तर चालणार नाही का? इथेच धोका आहे. वाळवल्याने सगळे सूक्ष्मजीव मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. पाणी मिळताच ती पुन्हा सुरू होते. स्टॅफिलोकोकसने एकदा तयार केलेले विष नंतरच्या उन्हाने जात नाही, तळल्या-शिजवल्यानेही नष्ट होईल याची खात्री नसते आणि ते वासावरून ओळखताही येत नाही. भिजलेला माल टाकून देणाऱ्या कोळिणीचे नुकसान किती मोठे असते, हे आपण यावरून समजू शकतो.