न्यायमूर्ती तेलंगांची उलटतपासणी

वकील, १८८४ पासून मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद आणि १८८९ पासून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, अशी काशिनाथ त्र्यंबक तेलंगांची (१८५०-१८९३) कारकीर्द. वडवणी तेव्हा निजामाच्या अमलाखाली. त्यांच्या न्यायालयाचा अधिकार इथे पोचत नव्हता. इथे मराठी शिकवणाऱ्या आम्हांला मात्र त्यांची वाङ्मयीन वकिलीच अधिक मोलाची वाटते.

रामायणावर होमरची छाया आहे, असे वेबरचे मत होते. गीतेवर बायबलची, असे लोरिन्झरचे. अनुक्रमे १८७३ आणि १८७५ मध्ये तेलंगांनी दोन्ही मतांची उलटतपासणी केली. साम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे; कालनिर्णय आणि अंतर्गत साक्ष तपासल्यावाचून निकाल देता येत नाही, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार.

हा आंधळा स्वाभिमान नव्हता. लेसिंगचे जर्मन नाटक १८८७ मध्ये ‘शहाणा नेथन’ या नावाने त्यांनीच मराठीत आणले. ऋण होते तेथे ते उघड मान्य केले. सिद्ध झाले नव्हते तेथे नाकारले.

आज आपल्या प्रबंधांतून ‘प्रभाव’ हा शब्द किती सहज लिहिला जातो! तेलंगांसमोर त्यांतली किती प्रकरणे टिकली असती?