कोसंबी, दामोदर धर्मानंद

(३१ जुलै १९०७–२९ जून १९६६). भारतीय गणितज्ञ व इतिहासकार. जन्म गोव्यात. त्यांच्या संशोधनाला निरनिराळ्या शास्त्रांत मिळालेली मान्यता विषम आहे. पुनःसंयोजनाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र (१९४४) आनुवंशिकीत ‘कोसंबी फलन’ म्हणून रूढ असून शोधनिबंधांत त्याचा वारंवार उल्लेख होतो. याउलट, यदृच्छ फलनांच्या विस्ताराची पद्धत त्यांनी १९४३ मध्येच मांडली असूनही ती पुढे कारुनेन व लोएव्ह यांच्याच नावांनी प्रसिद्ध झाली. प्राचीन नाण्यांच्या वजनातील घटीवरून त्यांचा कालक्रम ठरविण्यासाठी त्यांनी सांख्यिकी वापरली. ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी (१९५६) या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनास वेगळी दिशा दिली. म्हणून केवळ उल्लेखांच्या संख्येवरून त्यांच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन होत नाही.