डॅशबोर्डवरच्या अ‍ॅव्हरेजची बाजू

भंडारा-साकोली पट्ट्यात पहिल्यांदा छोटी गाडी घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: समोरच्या पडद्यावर जे अ‍ॅव्हरेज दिसतं त्यावर जाऊ नका. मीटर कंपनीचं, ते कंपनीचंच गाणार. खरं अ‍ॅव्हरेज हवं तर टाकी फुल करा, गाडी पळवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. याच मताचा पुढचा भाग असा की पाच-सहा लाखांच्या गाडीत असला आकडा म्हणजे नुसतं खेळणं. जुन्या जाणत्या ड्रायव्हरला इंजिनाच्या आवाजावरूनच सगळं कळतं, त्याला पडदा कशाला हवा?

हे मत निराधार नाही. पुष्कळ गाड्यांत पडद्यावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा चढाच असतो, लिटरमागे एखाद-दोन किलोमीटरने. तेवढं मान्य. पण त्यावरून तो आकडा निरुपयोगी ठरवणं चूक आहे, आणि या चुकीची किंमत ज्याला सर्वात कमी परवडते त्याच्याच खिशातून जाते.

आधी हा आकडा बनतो कसा ते पाहू. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली तेव्हा तिच्यात कार्बुरेटर होता. किती पेट्रोल आत गेलं हे त्या गाडीलाच ठाऊक नसायचं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बुरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. आता इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे गाडीतला संगणक दर वेळी ठरवतो. इंजेक्टरमधून ठरावीक दाबाखाली किती पेट्रोल जातं हेही त्याला माहीत असतं. या दोन्हींवरून पेट्रोल किती जळलं ते निघतं, आणि चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर निघतं. पडद्यावर या दोहोंचा भागाकार दिसतो. इंजेक्टर जुना झाला, त्यात मळ बसला तर हिशेब थोडा सरकतो, हे खरं. पण हा अंदाज हवेतला नाही. ज्या मोजमापावर इंजिन चालतं त्याच मोजमापावर हा आकडा उभा आहे.

आता टाकी फुल करण्याची पद्धत तपासू, कारण तिच्यावर कुणी शंकाच घेत नाही. त्या भागाकारातले किलोमीटर कुठून येतात? त्याच डॅशबोर्डवरून. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतराला फेऱ्या जास्त होतात आणि किलोमीटर जास्त दिसतात. ही चूक दोन्ही पद्धतींत सारखीच शिरते. लिटरचं काय? पंपावरचं नोझल आपोआप बंद पडतं ते दर वेळी एकाच पातळीवर पडत नाही. गाडी किंचित उताराला उभी असेल, फेस जास्त आला असेल, पंपावरच्या मुलाने दोनदा दाबून वर भरलं असेल, तर लिटरभराचा फरक सहज पडतो. पेट्रोल दर दहा अंशांना सुमारे १ टक्का फुगतं. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उन्हात तापलेल्या गाडीची फुल टाकी आणि जानेवारीच्या पहाटेची फुल टाकी यांत भरलेलं पेट्रोल नेमकं तेवढंच नसतं. २५ लिटर भरले तर एका लिटरची चूक ४ टक्के होते. ५ लिटर भरले तर तीच चूक २० टक्के.

आणि इथेच या मताचा सर्वात मोठा दोष दिसतो. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून टाकी फुल करतो कोण? मोहाडीचा दुकानदार, पवनीचा शिक्षक, लाखनीहून जाऊन-येऊन नोकरी करणारा माणूस पंपावर जाऊन 'पाचशेचं टाका' म्हणतो. पाच लिटरही येत नाहीत. ज्या पद्धतीला खरी म्हणतात ती या माणसाला वापरताच येत नाही. त्याच्याजवळ रोजचा हिशेब सांगणारं एकच साधन आहे, पडद्यावरचा आकडा. आणि आपण त्याला सांगतो, त्याकडे पाहू नको.

आकडा चढा आहे हा आक्षेप तरी राहतोच. पण चढा असणं आणि लहरी असणं यांत फरक आहे. तुमसरच्या बाजारातला एखादा काटा प्रत्येक पोत्याला सारखाच किलोभर जास्त दाखवत असेल, तर कोणतं पोतं जड आणि कोणतं हलकं हे तो बरोबरच सांगतो. स्पीडोमीटरचंही तसंच आहे. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की त्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल. स्पीडोमीटर खेळणं आहे असं कुणी म्हणत नाही.

या आकड्याचा खरा उपयोग तुलनेत आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, ही कार्बुरेटरच्या काळातली सवय अजून गेलेली नाही, आणि शिकवणारेही ती शिकवतात. क्षणाक्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी ही समजूत पुलाच्या एका उतारावर मोडून काढते. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि पट्टी टोकाला जाते. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतः जिवंत राहायला पेट्रोल लागतं आणि पट्टी खाली येते. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक हातचा जातो तो वेगळाच. वेगाचंही तसंच. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नागपूरकडे निघालं की ताशी १०० सहज गाठले जातात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या तुलनेत १०० ला तो दीडपटीहून अधिक. हे पुस्तकात वाचून कुणी पाय उचलत नाही. २२ चा आकडा १७ वर उतरताना डोळ्यांनी दिसला की उचलतो. धान खरेदीच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या रांगेमागे इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की सरासरी कशी झिरपत जाते, तेही तिथेच दिसतं. इंजिनाच्या आवाजावरून ओळखणाऱ्या जुन्या ड्रायव्हरचा मला आदर आहे, पण पेट्रोल तुटल्याचा आवाज त्याच्याही कानाला येत नाही.

राहिला कंपनीशी संगनमताचा आरोप. कंपनीचा आकडा कुठला असतो? जाहिरातीतला. तो चाचणीतून येतो, आणि ती चाचणी रस्त्यावर नव्हे तर प्रयोगशाळेत रोलरवर होते: एसी बंद, वेग ९० च्या वर नाही, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. पडदा त्या आकड्याची री ओढत नाही, उलट रोज त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. युरोपीय संघाने ही साक्ष कायद्यात घेतली. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल कारमध्ये इंधनाचा खप मोजून साठवणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि तिची चूक ५ टक्क्यांच्या आत असावी लागते. २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने तिच्यातून मिळालेले आकडे जाहीर केले. पेट्रोल गाड्यांचा प्रत्यक्ष खप चाचणीपेक्षा सुमारे २४ टक्के जास्त निघाला, डिझेलचा सुमारे १८ टक्के. कंपन्यांचा दावा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत उघडी पाडली ती गाडीतल्याच मीटरने.

आपल्याकडे २०२५ मध्ये ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून वाद पेटला. अ‍ॅव्हरेज घटलं म्हणणारे एका बाजूला, काही फरक नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट येईल असं म्हटलं होतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि तो जास्तीचा वेळ सरासरीत मोजला जातो. ज्याने महिन्याकाठी पडद्यावरचा आकडा वहीत उतरवला त्याच्याकडे या वादात बोलायला काही आहे.

सगळ्याच आकड्यांची बाजू मी घेत नाही. 'अजून इतके किलोमीटर जाईल' असं सांगणारा आकडा मागच्या चालीवरून पुढचं भाकीत करतो. त्याच्या भरवशावर नागझिऱ्याच्या जंगलरस्त्याला लागू नये. क्षणाक्षणाच्या पट्टीकडे गर्दीत बघत बसणंही धोक्याचं.

पण महागड्या गाडीची चैन म्हणून हे वाचन स्वस्त गाडीतून वगळू नये. मोजमाप इंजिनाच्या संगणकात आधीच पडलेलं असतं, ते फक्त पडद्यावर आणायचं असतं. मागणी करायची तर सर्वात खालच्या प्रकारातही ते मिळावं आणि युरोपासारखी ५ टक्क्यांची हमी त्याला असावी, ही करावी. तोवर जमेल तेव्हा, उसनवारी करून का होईना, एकाच पंपावर तीन-चार वेळा टाकी फुल करावी आणि दोन्ही आकड्यांतला फरक काढावा. तो ७ टक्के निघाला तर पडद्यावरच्या २२ ला साडेवीस समजावं. टायर बदलले की फरक नव्याने काढावा.